'एनर्जाइझ' म्हणायचं होतं, 'एनर्व्हेट' लिहिलं गेलं

प्रश्न असा आला आहे: "मी एका पतसंस्थेत काम करते. आमच्याकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि खरंच फार छान झालं. आभाराच्या ईमेलमध्ये मी लिहिलं, 'द ट्रेनिंग हॅज एनर्व्हेटेड ऑल ऑफ अस.' प्रशिक्षक चेन्नईचे. त्यांचं उत्तर आलं, 'आय ॲम सॉरी टू हिअर दॅट.' मग शब्दकोश उघडला आणि कानशिलं तापली. माणसाला उत्साह देण्यासाठी इंग्रजीत नेमकं कोणतं क्रियापद वापरायचं? 'एनर्जाइझ' वापरलं तरी माझं वाक्य कुठेतरी अडखळतं, ते का?"

आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवतो. ही चूक इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही करतात. इतकी सर्रास करतात, की इंग्रजीच्या कोशांत या शब्दापाशी सावधगिरीची टीप घालावी लागली आहे. गेली २७ वर्षं मी मराठी माध्यमातून आलेल्या नोकरदार मंडळींना इंग्रजी लेखन शिकवतो आहे. 'एनर्व्हेट' हा शब्द चुकीच्या अर्थाने लिहिणारे जवळजवळ सगळेच वाचनाची आवड असलेले असतात. ज्याने तो शब्द कधी वाचलाच नाही तो चुकणार कशाला? तुम्ही तो कुठेतरी वाचलात, लक्षात ठेवलात, आणि रूपावरून अर्थाचा अंदाज बांधलात. अंदाज उलटा निघाला, एवढंच.

हा शब्द फसवतो कसा, ते एकदा नीट पाहिलं की पुन्हा चूक होणार नाही. 'एनर्जी' ग्रीक भाषेतून आला. 'एन' म्हणजे आत आणि 'एर्गॉन' म्हणजे काम. काम करण्याची जी क्षमता आत आहे, ती एनर्जी. ॲरिस्टॉटलच्या लेखनात 'एनर्गेइया' हा शब्द आहे, तोच हा. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्र शिकलं त्यांना 'अर्ग' हे एकक आठवत असेल, एका ज्यूलमध्ये एक कोटी अर्ग. तो अर्गही या 'एर्गॉन'मधलाच. आणि 'अर्गॉन' नावाचा वायू? तिथे सुरुवातीचा 'अ' आपल्या 'अशक्त'मधल्या 'अ'सारखा नकाराचा आहे. काम न करणारा, म्हणजे कशाशीही संयोग न करणारा वायू. १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांना तो सापडला तेव्हा त्याच्या निष्क्रियपणावरूनच हे नाव दिलं गेलं.

'एनर्व्हेट'चा या घराण्याशी काहीही संबंध नाही. तो लॅटिनमधून आला आहे आणि त्याची फोड 'एन' अधिक 'अर्व्हेट' अशी होत नाही. ती होते 'ए' अधिक 'नर्व्ह'. लॅटिनमधला 'नेर्वुस' म्हणजे शिरा, स्नायुबंध. ज्याच्या जोरावर हातपाय हलतात ते. आणि सुरुवातीचा 'ए' म्हणजे बाहेर. 'इजेक्ट' म्हणजे बाहेर फेकणं, 'इव्हॅपोरेट' म्हणजे वाफ होऊन निघून जाणं, 'इरॅडिकेट' म्हणजे मूळ उपटून काढणं. आपला 'उन्मूलन' हा शब्द 'इरॅडिकेट'चा सख्खा भाऊ शोभेल असा आहे, कारण त्यातही 'उद्' आणि 'मूल' हेच दोन तुकडे आहेत. तसं 'एनर्व्हेट' म्हणजे शरीरातला दोर काढून घेणं. मराठीत याच्या जवळचा शब्द 'गलितगात्र करणं'. गात्रं गळून गेली, अंगात त्राण उरलं नाही, ही अवस्था.

म्हणजे तुमच्या ईमेलचा अर्थ असा झाला: "या प्रशिक्षणाने आम्ही सगळे गलितगात्र झालो आहोत." समोरच्या गृहस्थांनी दिलगिरी व्यक्त केली ती मनापासूनच असणार.

हा शब्द टाकून देऊ नका मात्र. योग्य जागी तो फार नेमका बसतो. काम करून आलेल्या थकव्याला 'टायर्ड' किंवा 'एक्झॉस्टेड' पुरतं. पण मे महिन्यात रत्नागिरीला किंवा मुंबईला जो दमट उकाडा असतो, काही न करताही माणूस नुसता घामाने निथळतो आणि हात उचलवत नाही, तिथे 'द ह्युमिड हीट वॉज एनर्व्हेटिंग' हेच म्हणायला हवं. लांबलेल्या तापानंतरचा अशक्तपणाही त्यात बसतो. एक तिसरा भाऊही आहे, 'इनर्व्हेट'. तो डॉक्टरांचा शब्द. एखाद्या अवयवाला मज्जातंतूंचा पुरवठा करणं एवढाच त्याचा अर्थ, जसं 'फ्रेनिक नर्व्ह' श्वासपटलाला 'इनर्व्हेट' करते. आपल्या रोजच्या लेखनात त्याचं काम पडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. 'एनर्जाइझ' हा बरोबर शब्द घेऊनही वाक्य का अडखळतं? याचं उत्तर इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीत आहे.

मराठीत उत्साह 'येतो'. मला हुरूप आला. चहा घेतला आणि तरतरी आली. नातीला पाहिलं आणि आजींना बळ आलं. या वाक्यांत माणूस काही करत नाही. त्याला चतुर्थी लागते, 'मला', 'आजींना', आणि येण्याचं काम उत्साह स्वतः करतो. भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवण येते, तसाच उत्साह येतो. आपल्या भाषेची ही फार सुंदर रचना आहे. मनात आणि शरीरात जे घडतं ते आपल्या मालकीचं नाही, ते पाहुण्यासारखं येतं आणि जातं, असं ती सांगते.

इंग्रजीला ही रचना जमत नाही. तिला कर्ता हवा. कोणी केलं आणि कोणाला केलं, हे तिला वाक्याच्या सुरुवातीलाच लागतं. म्हणून मराठी मनात 'मला उत्साह आला' हे तयार झालं की लेखणीतून 'टू मी एनर्जी केम' उतरत नाही, तेवढं आपल्याला कळतं. पण 'आय गॉट एनर्जाइझिंग', 'आय एनर्जाइझ्ड अ लॉट', 'इट गेव्ह मी ॲन एनर्जी' असं काहीतरी उतरतं. माझ्या वर्गात एक बाई होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं, 'आफ्टर मॉर्निंग वॉक आय एनर्जाइझ.' वाचणारा थांबतो आणि विचारतो: कोणाला? त्यांना म्हणायचं होतं 'सकाळी फिरून आलं की मला उत्साह वाटतो', आणि वाक्य झालं 'फिरून आल्यावर मी उत्साह देते'.

म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: देणारं कोण आणि घेणारं कोण? फिरणं देणारं, मी घेणारी. देणारा कर्त्याच्या जागी, घेणारा कर्माच्या जागी. 'द वॉक एनर्जाइझेस मी.' तुमच्या बाबतीत 'द ट्रेनिंग एनर्जाइझ्ड अस.' 'एनर्जाइझ' सकर्मक आहे, त्याला आजच्या इंग्रजीत कर्म लागतंच. कर्माशिवाय ते लंगडं पडतं. आणि तुम्हाला वाक्य स्वतःपासूनच सुरू करायचं असेल, जे मराठी माणसाला जास्त आपलंसं वाटतं, तर 'आय फील एनर्जाइझ्ड आफ्टर द वॉक' किंवा 'वी वेअर एनर्जाइझ्ड बाय द ट्रेनिंग'. हे 'फील एनर्जाइझ्ड' आपल्या 'मला उत्साह वाटतो'च्या सगळ्यांत जवळ जातं. मी नवीन विद्यार्थ्यांना हेच आधी शिकवतो.

'एनर्जाइझिंग' आणि 'एनर्जाइझ्ड' यांत घोटाळा होतो तो 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड'मध्ये होतो तसाच. मराठीत आपण कधी चुकत नाही: व्याख्यान कंटाळवाणं, श्रोता कंटाळलेला. कोणी 'मी कंटाळवाणा आहे' म्हणालं तर त्याचा अर्थ वेगळाच होतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. तसंच फिरणं 'एनर्जाइझिंग', फिरून आलेली तुम्ही 'एनर्जाइझ्ड'. शंका आली की 'कंटाळवाणं' आणि 'कंटाळलेलं' मनात म्हणून पाहा, इंग्रजी रूप आपोआप जागेवर येईल. 'एनर्जेटिक' मात्र स्वभाव आहे. 'शी इज एनर्जेटिक' म्हणजे ती मुळातच उत्साही, सदा धावपळीत. 'शी इज एनर्जाइझ्ड' म्हणजे आत्ता, कशामुळे तरी तिला उत्साह आला आहे. नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल 'एनर्जेटिक' लिहायचं. आणि पेयाला 'एनर्जेटिक ड्रिंक' म्हणू नका, पेय स्वतः धावपळ करत नाही. 'एनर्जी ड्रिंक' म्हणा.

'ॲन एनर्जी' का चुकतं? कारण या अर्थाने एनर्जी मोजता येत नाही. आपण 'एक उत्साह मिळाला' म्हणत नाही, तसंच. मात्र 'एक वेगळीच ऊर्जा मिळाली' हा प्रयोग हल्ली मराठीत भाषणांतून आणि बातम्यांतून इतका रुळला आहे, की त्याचं शब्दशः इंग्रजी करताना तो 'ॲन' आपसूक शिरतो. तो काढून टाका. 'इट गेव्ह अस न्यू एनर्जी', 'इट गेव्ह अस अ लॉट ऑफ एनर्जी' ही साधी, स्वच्छ वाक्यं आहेत. खरं सांगायचं तर 'एनर्जाइझ' वापरताना हात कचरत असेल, तर 'गिव्ह एनर्जी' वापरा. त्यात कमीपणा काहीच नाही. मोठा शब्द वापरला की इंग्रजी चांगलं दिसतं या समजुतीनेच 'एनर्व्हेट'सारखे अपघात होतात.

आता शब्दांच्या निवडीकडे. ही जागा मला फार आवडते, कारण इथे मराठी आपल्याला मदत करते. आपण 'ऊर्जा' या एका शब्दावर अलीकडे सगळा भार टाकला आहे. पण आपल्या आईच्या आणि आजीच्या बोलण्यात यासाठी किती शब्द होते! तरतरी, हुरूप, उभारी, जोम, स्फूर्ती, चेव, ताजंतवानं होणं. प्रत्येकाची छटा निराळी आहे, आणि इंग्रजीत प्रत्येकाला निराळं क्रियापद आहे. आधी मनात नेमका मराठी शब्द धरा. 'ऊर्जा' धरलीत तर सगळीकडे 'एनर्जाइझ'च येईल आणि लेखन सपाट होईल.

दुपारच्या चहाने येते ती तरतरी. तिच्यासाठी 'एनर्जाइझ' जड आहे. 'द टी पर्क्ड मी अप' म्हणा, किंवा 'द टी वोक मी अप'. आंघोळ करून, तोंडावर पाणी मारून माणूस ताजातवाना होतो तिथे 'रिफ्रेश': 'आय फेल्ट रिफ्रेश्ड'. आणि हे आवर्जून सांगतो, आपण सगळे जे म्हणतो ना, 'फ्रेश होऊन येतो', त्याचं 'आय विल गेट फ्रेश' करू नका. 'गेट फ्रेश' म्हणजे इंग्रजीत कोणाशी तरी अंगलट जाणं, आगाऊपणा करणं. हात-पाय धुऊन येण्याला 'फ्रेशन अप' म्हणतात. परदेशातल्या पाहुण्यासमोर हे वाक्य निसटलं तर समोरचा गोंधळतो आणि आपल्याला कारण कळत नाही.

पाठीवर थाप मिळाली आणि आला तो हुरूप. त्याला 'एन्करेज'. 'हर वर्ड्स एन्करेज्ड मी', म्हणजे तिच्या शब्दांनी मला हुरूप आला. दुःखातून, आजारातून, अपयशातून सावरताना येते ती उभारी. तिथे 'एनर्जाइझ' लिहिणं मला कानाला बोचतं. घरात मृत्यू झालेल्या माणसाला भेटून आल्यावर कोणी 'माय व्हिजिट एनर्जाइझ्ड हिम' लिहिलं, तर ते वाक्य माणुसकीतच चुकतं. 'इट लिफ्टेड हिज स्पिरिट्स अ लिटल', एवढंच म्हणावं. स्फूर्तीला 'इन्स्पायर', आणि ती कशाची तरी असते: लिहिण्याची, काही करण्याची.

जोम हा शब्द आपण शेतातही वापरतो, पीक जोमात आहे असं म्हणतो. माणसाच्या शरीराला येणारा जोम म्हणजे 'इन्व्हिगरेट'. 'व्हिगर' म्हणजे जोमच. महाबळेश्वरच्या थंड हवेत सकाळी चालून आल्यावर जे वाटतं ते 'इन्व्हिगरेटिंग'. त्यात शरीर आहे, हवा आहे, थंडी आहे. कोकणातली मे महिन्याची दुपार 'एनर्व्हेटिंग' आणि घाट चढून वर आल्यावरची पहाट 'इन्व्हिगरेटिंग', अशी जोडी लक्षात ठेवली तर दोन्ही शब्द कायमचे पक्के होतील.

चेव येणं, खडबडून उठणं, सगळ्यांनी मिळून कामाला भिडणं, यासाठी 'गॅल्व्हनाइझ' आहे. याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गाल्व्हानी नावाचे वैद्य होते. त्यांनी मेलेल्या बेडकाच्या पायांवर प्रयोग केले आणि विजेच्या स्पर्शाने ते पाय झटका देतात हे पाहिलं. १७९१ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांच्या नावावरून हे क्रियापद आलं. निपचित पडलेलं एकदम उसळी घेतं, हा अर्थ त्यात आहे. म्हणून 'द न्यूज गॅल्व्हनाइझ्ड द व्हिलेज इन्टू ॲक्शन' म्हणजे बातमी कळताच सगळा गाव उठला. पुढे लोखंडावर जस्ताचा थर देण्यालाही हेच नाव चिकटलं. आपल्या गोठ्यावरचा जीआय पत्रा, नळाचा जीआय पाइप, त्यातला 'जी' तो हाच. तेव्हा सुखद, शांत उत्साहासाठी हा शब्द वापरू नका. त्याला झटका लागतो.

'मोटिव्हेट' आणि 'एम्पॉवर' हे दोन शब्द कार्यालयात 'एनर्जाइझ'च्या शेजारी बसतात, पण त्यांचं काम वेगळं. 'मोटिव्हेट'मध्ये काही करण्याचं कारण मिळतं. माणूस उत्साहाने फुललेला नसला तरी मोटिव्हेटेड असू शकतो, हप्ते फेडायचे असले की असतोच. 'एम्पॉवर'मध्ये अधिकार मिळतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'एनर्जी'ला ऊर्जा, 'पॉवर'ला शक्ती आणि 'फोर्स'ला बल असे तीन वेगळे शब्द ठरवले आहेत, ते इथेही कामाला येतात. बचतगटाच्या बाईला स्वतःच्या सहीने कर्ज मिळू लागलं, हे 'एम्पॉवर'. बैठकीत गाणं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले, हे 'एनर्जाइझ'. या दोन गोष्टींची सरमिसळ करणं मला भाषेपेक्षाही त्या बाईवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

'चार्ज' बद्दलही जपा. आपण 'एकदम चार्ज झालो' म्हणतो. इंग्रजीत 'आय वॉज चार्ज्ड' याचा अर्थ माझ्याकडून पैसे घेतले, किंवा माझ्यावर आरोपपत्र ठेवलं. पतसंस्थेतल्या माणसाने तर हे मुळीच लिहू नये.

मग 'एनर्जाइझ' नेमकं कुठे? जिथे मरगळ होती आणि ती गेली, आणि आता काम करण्याची हौस आहे, तिथे. बहुधा समूह असतो: चमू, वर्ग, कार्यकर्ते, श्रोते. भाषणाने, विजयाने, नव्या माणसाच्या येण्याने, दोन दिवसांच्या चांगल्या प्रशिक्षणाने. तुमची जागा अगदी तीच होती. शब्द निवडण्यामागची तुमची समज बरोबर होती, अक्षरं तेवढी घसरली.

वीज कंपनीशी पत्रव्यवहार असेल तर याच शब्दाचा तांत्रिक अर्थ भेटेल. तारेत, रोहित्रात, रिलेच्या कॉइलमध्ये वीजपुरवठा सोडणं म्हणजे 'एनर्जाइझ'. आपले लाइनमन 'लाइन चार्ज केली' म्हणतात ते हेच. शासकीय तक्त्यांत 'पंपसेट्स एनर्जाइझ्ड' असा रकाना असतो, म्हणजे जोडणी दिलेले शेतीपंप. आणि एखाद्या पेटीवर 'एनर्जाइझ्ड' लिहिलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, आत वीज जिवंत आहे.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. शेवटी 'एस' लिहा की 'झेड', दोन्ही बरोबर. भारतीय वर्तमानपत्रं बहुधा 'एस' वापरतात, अमेरिकेत 'झेड', आणि इंग्लंडमध्ये असूनही ऑक्सफर्डचं प्रकाशन 'झेड' पसंत करतं. एका पत्रात एकच ठेवा. 'ॲडव्हर्टाइझ', 'सुपरव्हाइझ', 'एक्सरसाइझ' यांना मात्र इंग्रजी रिवाजाने 'एस'च लिहा, 'झेड' नको. उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, 'ए'वर.

आता त्या ईमेलचं काय करायचं? गप्प बसू नका. त्या प्रशिक्षकांनी दोन दिवस मेहनत घेतली आहे आणि त्यांना वाटतं आहे की तुम्ही सगळे गळून गेलात. आज दुपारपर्यंत चार ओळी पाठवा: 'डिअर सर, आय यूज्ड द राँग वर्ड इन माय लास्ट ईमेल. आय मेन्ट दॅट द ट्रेनिंग एनर्जाइझ्ड ऑल ऑफ अस. वी केम बॅक टू अवर डेस्क्स विथ न्यू आयडियाज, अँड वी हॅव ऑलरेडी स्टार्टेड यूझिंग टू ऑफ देम. थँक यू अगेन.' यात 'यूझिंग टू ऑफ देम'च्या जागी तुम्ही खरोखर काय सुरू केलं आहे ते लिहा: नव्या खातेदारांचा अर्ज सोपा केला, की वसुलीच्या फोनची भाषा बदलली.